कंडक्टर अप्पांचा फुटबॉल

शरणाप्पा कंडक्टर कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "डोळं मिटा. तुमच्या मागं किती माणसं हायती?"

लोहाऱ्यातल्या न्हाव्यापासून तहसील कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी ही परीक्षा दिली आहे. मी वीसेक वेळा दिली आणि दरवेळी नापास झालो. एकदा हिय्या करून "चार" म्हणालो. अप्पा म्हणाले, "मागं भिंत हाय, सर."

अप्पांची उभी हयात एसटीत गेली. गच्च भरलेल्या गाडीत कोण कुठं चढलं, कुणाचं तिकीट राहिलं, कोण झोपेचं सोंग करतंय, हे त्यांना मान न वळवता कळायचं. निवृत्तीनंतर ते स्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. एके दिवशी त्यांनी मोबाइलवर फुटबॉलची मॅच पाहिली आणि त्यांना पुन्हा डबल बेल मिळाली. "बगा सर, बॉल यायच्या आधी ह्यो गडी दोनदा मागं बगून घेतो. ह्यो आतून कंडक्टर हाय."

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर न बोलावता येऊ लागले आणि बघता बघता मुलींचा संघ उभा राहिला. मी मराठीचा मास्तर. माझी संध्याकाळ रिकामी असते एवढ्या एका गुणावर मुख्याध्यापकांनी मला संघाचा व्यवस्थापक केलं. एकदा मी शिट्टी घेऊन पंच झालो. अर्धा तास एका बाजूनं बाराजणी खेळत होत्या. शेवटी अप्पाच कुंपणाबाहेरून म्हणाले, "सर, पिवळ्यात एक विदाऊट तिकीट हाय."

संघ निवडताना त्यांनी कुणाला पळवलं नाही. "पाय काय, बैलालाबी चार असतेत. डोस्कं बगायचं." म्हणून सगळ्या पोरी रांगेत डोळे मिटून उभ्या. कुणी पाच म्हणाली, कुणी दहा. सास्तूरकडच्या एका मेंढपाळाची शिवकन्या म्हणाली, "सहा. सातवी आत्ताच पाण्याला गेली. तिचा डावा पाय दुखतोय."

अप्पांनी बॉल उचलून तिच्या हातात दिला.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबनं सोलापुरात निवड चाचणी ठेवली. निवड झाली तर शाळा, राहणं, खेळ सगळं तिकडंच. नाही झाली तर दहावीनंतर मेंढरांमागं, असं तिच्या वडलांनी साफ सांगितलं होतं. मैदानावर पोरगी अशी खेळली की क्लबची माणसं उभी राहिली. पण एक परीक्षा उरली होती. तंबूत एक तरुण मॅडम लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. क्लबला पायांइतकाच मेंदू तपासायचा होता: नजर किती ठिकाणी राहते, निर्णय किती झटकन होतो, हात वेळेवर थांबतो का. हे ऐकून अप्पा असे फुलले की जणू क्लब त्यांनीच काढला होता.

आता माझा पराक्रम ऐका. मॅडम शिवकन्याचं नाव टाकून तिला बोलवायला बाहेर गेल्या. तंबूत मी एकटाच. पोरीनं जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. आपण आधी बघून ठेवावं, तिला समजावता येईल, म्हणून मी खुर्चीत बसलो आणि हिरवं बटण दाबलं. आठ पिवळे ठिपके आले, त्यातले तीन चमकले, आणि मग बाजार सुटल्यासारखे आठही पळाले. मी एकाच्या मागं लागलो, तोही चुकीच्या. मग दिवे लागायला लागले. लाल दिव्याला दाबायचं नव्हतं. मी दाबलं. एकदा दाबलंच आहे म्हणून आणखी दोनदा दाबलं. पडद्यावर "धन्यवाद" आलं. मला वाटलं, सराव असणार.

पोरगी न सापडल्यानं मॅडम परत आल्या आणि पडद्यावरचं "धन्यवाद" बघून, ती परस्पर येऊन परीक्षा देऊन गेली असं समजल्या. "झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

थोड्या वेळानं त्यांनी अप्पांना बोलावलं. "मैदानावर फार छान आहे हो. पण मशीन म्हणतंय, लक्ष टिकत नाही, निर्णय मंद, आणि चूक कळली तरी तीच चूक पुन्हा करते."

अप्पांनी विचारलं, "मॅडम, ही परीक्षा किती वाजता झाली?"

"अकरा दहा."

"त्या वक्ताला आमची पोरगी नळावर रांगेत होती. तिसरी. आन् तंबूत पांढरा शर्ट बसला होता."

पांढरा शर्ट खाली बघू लागला. "मॅडम, तो मेंदू माझा आहे," मी म्हणालो.

मॅडमनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "हां. आता जुळतंय." पण नियमानं एका नावावर एकच संधी होती. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. फोन लांबला. तेवढ्या वेळात अप्पा माझ्याकडं पाठ करून मैदानाकडं बघत उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

शेवटी परवानगी आली. शिवकन्या खुर्चीत बसली. अप्पा काही सांगायला पुढं सरकले तर मॅडम म्हणाल्या, "बाहेरून बोलायचं नाही." अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.

तीन ठिपके चमकले. पोरगी पुटपुटली, "काळी, भुरी, लंगडी." आठही पळाले, एकमेकांत घुसले, थांबले. तिनं तीन बोटं टेकवली. तिन्ही बरोबर. मग चार ठिपके, मग पाच, आणि वेग असा की मला बघूनच भोवळ आली. ती घरच्या मेंढरांची नावं घेत होती आणि बोटं टेकवत होती. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. लाल दिवा लागला की तिचा हात हवेत जागच्या जागी थांबायचा. मी तंबूची दोरी इतकी आवळून धरली की खुंटाच उपटला. अर्धा तंबू आमच्यावर आला, तरी पोरीनं मान वळवली नाही.

"मशीन एकटं काही ठरवत नाही," मॅडम कनात सावरत म्हणाल्या, "पण खेळ आणि हे, दोन्ही बघून आम्ही हिला घेतोय."

मी घाईघाईनं फॉर्मवर सही केली, खेळाडूच्या जागेवर. तेवढ्यात अप्पांनी मॅडमना बाजूला नेलं. काहीतरी डावपेच सांगत असतील म्हणून मीही कान देऊन मागं गेलो.

"येक लिहून घ्या," अप्पा म्हणत होते. "जेवताना ती पहिल्यांदा नको म्हणती. भूक असली तरी. दुसऱ्यांदा विचारायचं."

मॅडमनी लिहून घेतलं. "अजून काही?"

"ऐतवारी फोन केला तर चालंल का?"

"चालेल की. आम्ही तिच्याकडे देऊ."

"तिच्याकडं नको." अप्पा टॉवेलाची घडी घालत राहिले. "ती बरं हाय म्हणंल. तुमीच सांगा, कशी दिसती ते."