रविवारी सुट्टी घेणारी कोंबडी

लेंट लागला की आमच्या केडगावात ख्रिस्ती लोकांचे चेहरे पडतात आणि शमुवेलआप्पांचं डोकं चमकायला लागतं. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस, रविवार सोडून, उपासाचे. कोणी मटण सोडतं, कोणी चहा. आप्पा मात्र खोबरेल थापून, तोंड लखलखीत धुऊन गल्लीतून हसत हिंडतात.

"प्रभूनं सांगितलंय, उपासात तोंड पाडू नका, तेल लावा. आन् कुणाला कळू देऊ नका!" हे ते इतक्या मोठ्यानं सांगतात की स्टेशनापर्यंत ऐकू जावं.

पण सोडलंय काय, असं विचारलं की, "ते देवाला ठावं."

प्रार्थनेला दुःखाचं गीतही टाळ्या वाजवून म्हणतात. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "दुःखाला हाकलायचं तर जोर लावायला नगं व्हय?"

आप्पा माझे शेजारी. बायको वारली, पोरं चाकणला. घरात तीन कोंबड्या, त्यातली एकच अंडी घालते. नाताळात मी आजारी पडले, डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलं. आप्पा साठवलेली चार अंडी घेऊन आले. मी दारातूनच परत पाठवलं. "मला कुणाचं फुकटचं नको."

पुढं लेंट लागला आणि माझ्या जळणाच्या ढिगात रोज सकाळी एक अंडं सापडू लागलं. आप्पांची कोंबडी कुंपणातून येत असणार. सांगायला हवं होतं. मी उकडून खाल्लं. संध्याकाळी प्रार्थनेत चोरीची क्षमा मागायची आणि सकाळी पुन्हा जळणात हात घालायचा. अंगात ताकद आली, तशी क्षमाही जोरात मागता येऊ लागली.

रविवारी मात्र अंडं नसे. तीन रविवार गेले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवार उपासात धरत नाहीत, हे कोंबडीला कुणी सांगितलं?

पुढच्या रविवारी कुंपणावरून डोकावले. आप्पा ओट्यावर एकटेच बसून अंडं खात होते. मीठ लावून, डोळे मिटून. मग कोंबडीला म्हणाले, "आज आपली सुट्टी. उद्यापासनं परत बाईंचं."

मी कुणाची भीड ठेवणारी नव्हे. पण बोलले असते तर म्हाताऱ्याचा उपास मोडला असता. अंडी खात राहिले.

ईस्टरला सगळी गल्ली नव्या कपड्यांत, आणि आप्पा कोरड्या डोक्यानं ओट्यावर.

"सलाम आप्पा. आज तोंड का पडलंय?"

"न्हाई, कुठं? लेंट लवकर सरला औंदा, बाई."

सोमवारी सवयीनं जळणात हात घातला. काही नव्हतं. तशीच वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले.

"अंडं द्या," म्हटलं. "फुकट. आणि उद्या पुन्हा येईन."

आप्पा लगबगीनं आत गेले. मला वाटलं अंडं आणायला. बाहेर आले ते आधी डोक्याला तेल लावून.