मंगलाष्टकवाले चाफले सर

चाफले सरांना नाव सांगायची सोय नव्हती. आपण नाव सांगितलं, की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागे. डोळे अर्धवट मिटत, ओठ हलत. समोरच्याला वाटायचं, हे पत्रिका पाहताहेत, आता साडेसाती काढणार. मग सर डोळे उघडून निकाल देत. मी देवळीत त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा मलाही निकाल मिळाला होता.

"रमेश. लघु, गुरू, लघु. ज गण! भाऊ, तुमची काळजी मिटली. शार्दूलविक्रीडितात सातव्या अक्षरापासून तुमची जागा पक्की हाये."

समोरच्या सरांनी मला कुठेतरी जागा दिली आहे, असं मी घरात जाऊन सांगितलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "पगार किती?"

शार्दूलविक्रीडित हे मंगलाष्टकाचं वृत्त. एका ओळीत एकोणीस अक्षरं, आणि त्यातलं कोणतं आखूड, कोणतं लांब, हे पूर्वजांनीच ठरवून ठेवलेलं. तुमच्या-आमच्यासाठी मंगलाष्टक म्हणजे अक्षता घामाने हाताला चिकटेपर्यंत थांबणं. सरांसाठी ती एक गाडी होती आणि गावातला प्रत्येक माणूस तिच्यातला प्रवासी. कुणी मारोती नावाचा भेटला की त्यांचा चेहरा खुलायचा. तिन्ही अक्षरं गुरू, त्यामुळे ओळीच्या आरंभीच बसतो. "मारोतीले ड्रायव्हरच्या मागची सीट," असं ते म्हणत. आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात मारोतींचा दुष्काळ कधी पडलेला नाही.

सर देवळीच्या एका शाळेत मराठी शिकवत. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आणि शाळेतून घरी जाताना सर तिथे रोज थांबत. घेत काही नसत. उलट माझं गिऱ्हाईक घालवत. नव्वदच्या त्या दशकात निबंधाची गाईडं माझ्याकडे गरम भज्यांसारखी खपायची. पोरगं गाईड हातात घेई आणि मागून सरांचा हात येऊन ते काढून घेई. एकदा त्यांनी दहावीतल्या एका पोराला माझ्या काउंटरपाशीच धरलं. त्याने 'एक रम्य पहाट' या निबंधात सूर्याचा तांबडा गोळा समुद्रातून वर काढला होता.

"समुद्र कुठून आणला बे? वर्ध्याहून एस्टीनं आला का?"

"गाईडात होता, सर."

"तू पाह्यला का समुद्र?"

"नाई जी."

"मंग सकाळी उठल्यावर काय पाह्यतं?"

पोराने बराच विचार केला. "जिनिंग दिसते, सर. आमच्या मागंच हाये."

"मंग सूर्य जिनिंगच्या मागून काढ! टिनावरून कापूस उडून राह्यला, तो लाल दिसते का पांढरा, ते पाह्य आन लिही. निबंध म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लोणचं नोहे."

पोरगं गेलं. गाईड माझ्याकडेच राहिलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही आमच्या पोटावर पाय देता." सरांचा अंगठा तिथेही थांबला नाही. "पोटावर पाय. वाक्प्रचार. जुनाच हाये, पण जागेवर बसला," म्हणाले आणि निघून गेले.

'अलंकार ओळखा!' हे त्यांचं पालुपद. कंडक्टर खच्चून भरलेल्या गाडीत "मागं सरका, मागं पुरी गाडी रिकामी हाये" म्हणाला, की सर दांडीला लोंबकळत शेजाऱ्याला विचारत, "अलंकार ओळखा!" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत, "अतिशयोक्ती." शुक्रवारच्या बाजारात बाई ओरडली, "घ्या लोण्यासारखे वांगे!" तर सर पिशवी खाली ठेवून तिला समजावत, की उपमा चांगली असली तरी वांग्याला लोण्याची उपमा दिल्यावर लोण्याला कशाची देणार? बाईने त्यांना वांगी दिली, पण भाव कमी केला नाही.

सरांची खरी कीर्ती मात्र लग्नांची. देवळी आणि आसपासच्या खेड्यांत मुलीचं लग्न ठरलं, की बाप आधी मंगल कार्यालय पाही आणि मग चाफले सरांकडे येई. सर मुलीच्या आईवडिलांची, आजीची, मामाची, आत्याची नावं विचारून घेत आणि त्या घरासाठी खास मंगलाष्टक रचून देत. मानधन नाही, कापड-चोपड नाही. माईक मात्र हवा. आपल्या नावाची ओळ लाउडस्पीकरवरून ऐकायला आत्याबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत उभ्या राहत. एखाद्या काकाचं नाव राहून गेलं तर तो पंगतीत जेवायला बसत नसे. तेव्हा हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं.

त्यातून झालेला मोठा घोळ म्हणजे मधुकरमामांचा. नवरीच्या मामांचं नाव मधुकर. म, धु, क, र, चारही अक्षरं लघु. या वृत्तात सलग चार लघु अक्षरांना कुठेच जागा नाही. सर दोन दिवस जेवले नाहीत. बाप म्हणाला, "सर, थोडं ओढूनताणून बसवा नं." सर म्हणाले, "वृत्त म्हणजे काय कालीपिली जीप हाये का, कोणालेबी मांडीवर बसवाले?" शेवटी त्यांना मार्ग सापडला. मधुकर म्हणजे भुंगा. भुंग्याला संस्कृतात भृंगही म्हणतात. आणि लग्नात, भर मांडवात, लाउडस्पीकरवरून सरांनी खड्या आवाजात ओळ म्हटली:

मामा भृंग उभे प्रसन्न वदने, घेऊन हाती फुले

ओळ निर्दोष होती. मामांचं वदन मात्र प्रसन्न राहिलं नाही. आधी त्यांना कळलंच नाही. मग कुणा शिकलेल्या जावयाने अर्थ सांगितला. "भरल्या मांडवात मले भुंगा म्हटलं!" म्हणून मामा नवरीच्या मागून निघून थेट बस स्टँडवर जाऊन बसले. त्यांना परत आणायला नवरदेवाची कार पाठवावी लागली. सर मला म्हणाले, "रमेशभाऊ, माणसं अर्थाच्या मागं लागतात. लय नाई ऐकत."

सरांच्या घरी सर आणि त्यांची मुलगी मंजिरी, दोघंच. मंजू तिसरीत असताना तिची आई गेली. त्यानंतर सरांनी स्वयंपाक शिकला, वेणी घालायला शिकले. वेणी सुरुवातीला इतकी घट्ट घालत, की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत. पुढे सुनंदाने ते काम हाती घेतलं. मंजू आमच्याच अंगणात वाढली असं म्हटलं तरी चालेल. बापावर तिचा फार जीव, पण चारचौघांत बापाबरोबर जायचं म्हटलं की ती घाबरायची. आणि ते तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही.

वडनेरला तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. मुलाचे आजोबा मंगलाष्टक म्हणायला उभे राहिले. म्हातारा माणूस, दम लागत होता, एक अक्षर गिळलं. सर समोरच्या रांगेतून हात वर करून ओरडले, "थांबा! एक गुरू कमी पडला!" मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे आणखी एक भटजी मागताहेत. पाच मिनिटं वादावादी झाली. बँडवाल्याने मध्येच वाजवलं, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि अंतरपाट खाली आला तेव्हा लग्न लागलं की नाही, यावर दोन्ही भटजींचं एकमत होईना. येताना एसटीत मंजू खिडकीकडे तोंड करून बसली. देवळी येईपर्यंत ती बापाशी एक अक्षर बोलली नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मंजूचं लग्न ठरलं. मुलगा जाम गावचा, संदीप नावाचा. जाम चौकात हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. माणसं मोकळी, बोलायला खणखणीत. साखरपुडा झाला त्या संध्याकाळी मंजू आमच्या ओसरीवर सरांना घेऊन आली. साक्षीदार हवे होते तिला.

"बाबा, काका-काकूसमोर सांगते. माह्या लग्नात तुम्ही मंगलाष्टक लिहाचं नाई. म्हणाचं नाई. माईकले हात लावाचा नाई. आन दुसऱ्यानं कसंबी म्हटलं तरी दुरुस्त कराचं नाई. त्या लोकांत मले राह्याचं हाये."

मी सुनंदाकडे पाहिलं. गावातल्या शंभर पोरींना मंगलाष्टक देणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीसाठी बंदी! आता सर चिडणार, रडणार, निदान एखादा अलंकार तरी ओळखणार, असं मला वाटलं.

"मंजूर," सर म्हणाले. आणि चहा प्यायले.

इतक्या चटकन मंजूर झालेली गोष्ट मला कधीच पटत नाही. मंजूलाही पटली नव्हती. लग्नाच्या दिवशी तिने मला काम नेमून दिलं: सरांच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यांचा कोपर सोडायचा नाही. सुनंदाला दुसरा कोपर दिला होता. गावात तर पैज लागली होती. सर किती ओळी कळ काढतात, यावर पानठेल्यावर चर्चा चालू होती.

मे महिना. मंगल कार्यालयात कूलर नुसतेच घुरघुरत होते. व्हिडिओवाल्याचा हॅलोजन डोळ्यांत. मंजू पाटावर उभी, समोर अंतरपाट, पलीकडे संदीप. मुलाच्या काकांनी माईक घेतला. धिप्पाड, दिलखुलास माणूस. त्यांनी मंगलाष्टक चक्क सिनेमाच्या चालीवर सुरू केलं. पहिल्या ओळीत तीन अक्षरं जास्त झाली, दुसरीत पाच कमी पडली. तिसरी ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते काकांनाही सांगता आलं नसतं.

माझ्या हातातला सरांचा कोपर वर निघाला. मी पकड घट्ट केली. त्यांचा अंगठा बोटांवरून चालू लागला, मग त्यांनी अक्षतांसकट मूठच मिटून घेतली. अख्खं देवळी त्यांच्याकडे पाहत होतं. सर जमिनीकडे पाहत होते. काकांचं संपलं. टाळ्या पडल्या. सर गप्प राहिले. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. इतके गप्प चाफले सर मी कधी पाहिले नव्हते.

"मुलीकडून कोणी?" भटजींनी विचारलं.

मंजूने मान वर केली. हार हातात, डोळे बापाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणा नं."

भटजींच्या हातातल्या माईकने ते सगळ्यांना ऐकवलं. मी कोपर सोडला. सुनंदाने तर केव्हाच सोडला होता. सर पुढे गेले आणि माईक घेतला.

"लिहिलंच नाई माय मी," ते म्हणाले.

मागच्या रांगेत लोक हसले. त्यांना ते नाटक वाटलं.

"तू नाई म्हटलं, तवा मले बरंच वाटलं. साखरपुड्याच्या आधीच बसलो होतो लिहाले. पहिल्याच ओळीत तू गाडीत बसून जातं. मंग दुसऱ्या ओळीत घरात मी एकटाच उरतो. पुढं काय लिहू?"

आता कुणी हसत नव्हतं. सरांनी अंतरपाटाच्या पलीकडे पाहिलं.

"संदीपराव, हिले सकाळी उठल्याबरोबर बोलता येत नाई. अर्धा कप चहा झाल्यावर बोलते. तोवर रागावली समजू नका. भाजीत गूळ टाकला तर जेवत नाई, पण सांगतबी नाई. आन वीज कडकली का हिले जवळ कोणी लागते. मोठी झाली म्हणून लाजते, बोलवत नाई. तुम्हीच जाजा."

ते थांबले. "बस," म्हणाले आणि माईक भटजींना दिला.

भटजींनी घसा खाकरून हलकेच "शुभमंगल सावधान" म्हटलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, अंतरपाट खाली आला. मुलाचे काका उपरण्याने तोंड पुसत होते, आणि ते घामासाठी नव्हतं. आता हार घालायचा. पण मंजूने हार घातला नाही. ती हार तसाच हातात धरून सासूकडे वळली. भटजी म्हणाले, "बाई, मुहूर्त!" तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आई, आमच्या बाबाले एकट्यानं जेवता येत नाई. ताट वाढून घेतात आन तसंच ठेवतात. म्हणून दर रविवारी मी देवळीले येत जाईन. दोन गाड्या बदला लागल्या तरी येईन."

सासूबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "येजो बाई," त्या म्हणाल्या. "आन नाई जमलं त त्याहिले इकडं घेऊन येजो. आमच्या घरी कोणी एकट्यानं जेवतच नाई."

काका मोठ्याने हसले, मग सगळेच हसले. हार पडले. फोटोवाला ओरडू लागला, पोरं कागदी फुलं उधळू लागली, आणि आचारी पंगत मांडायची का म्हणून विचारायला आला.

सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. सगळ्यांच्या अक्षता केव्हाच टाकून झाल्या होत्या. सरांची मूठ मात्र अजून मिटलेली होती, आणि बोटांच्या फटींतून हळदीचे तांदूळ दिसत होते.

"सर," मी म्हटलं, "अक्षता राहिल्या. टाका नं."

"टाकतो, रमेशभाऊ," सर म्हणाले. "एवढी काय घाई हाये."