सासऱ्यांची दुपार

सासऱ्यांच्या व्हिडिओच्या दुकानात दुपारी दोनच आवाज असत. एक कॉम्प्युटरच्या पंख्याचा आणि दुसरा सासऱ्यांच्या घोरण्याचा. लग्न, वाढदिवस, शाळेचं संमेलन, जे काही शूट केलेलं असेल ते सकाळी कापून-जोडून ठेवायचं, शेवटचं बटण दाबायचं आणि मागच्या बाकावर आडवं व्हायचं, हा शिरस्ता. मग पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकत राही. ती भरली की व्हिडिओ तयार. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. सासूबाई मधूनच डोकावत, कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवून बघत, आणि काम चाललंय म्हणून परत जात.

धाकट्या जावयाला ती पट्टी बघवत नसे. हे सॉफ्टवेअर त्याच्याच कंपनीचं होतं आणि तो तिथे प्रोग्रामर होता. त्यात सासऱ्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल आजवर एक बरा शब्द निघाला नव्हता. "हे आमचे थोरले जावई, डॉक्टर आहेत," असं ते छाती फुगवून सांगत, आणि मग, "हे धाकटे. कॉम्प्युटरमध्ये असतात." जणू तो तिथे भाड्याने राहत होता.

म्हणून कंपनीने हेच सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर पळवायचं काम दिलं, तेव्हा तो जेवणखाण विसरून त्याच्यामागे लागला. 'खऱ्या दुकानात चालवून बघा,' असं साहेब म्हणाले, तेव्हा दुकान ठरलेलंच होतं.

"बाबा, आत्तापर्यंत चित्रातला एकेक ठिपका एकच जण रंगवत होता," त्याने समजावलं. "या कार्डात हजारो छोटे कामगार आहेत. प्रत्येकाला थोडे थोडे ठिपके वाटून दिले. सगळे एकदम रंगवणार."

"मग इतकी वर्षं ते काय करत होते?"

"नुसते बसून होते."

"नशीबवान," सासरे म्हणाले आणि चष्मा काढून बाकावर कलंडले. जावयाने बटण दाबलं.

"झालं, बाबा."

"काय झालं?"

"व्हिडिओ."

सासरे उठले. चूक सापडेल या आशेने त्यांनी अख्खा व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून पाहिला. सापडली नाही. "हं," ते म्हणाले. 'हं' हा बरा शब्द धरावा का, यावर जावई विचार करू लागला.

तेवढ्यात सासूबाई डोकावल्या. पट्टी भरलेली. "संपलं का हो काम? बरंच झालं. माळा आवरायचाय." दुसऱ्या दिवशी पडदे उतरवायचे होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बहिणीकडे जाऊन तिच्या गुडघ्याची हकीकत ऐकायची होती.

गिऱ्हाइकांनाही वास लागला. पूर्वी "बदल केला तर संध्याकाळ होईल" म्हटलं की निम्म्यांची हौस तिथेच फिटायची. आता ते सासऱ्यांच्याच बाकावर ठाण मांडून बसू लागले.

"माझी हनुवटी जरा कमी करा," नवरीची आत्या म्हणाली.

केली.

"आता माझ्या शेजारी उभी आहे तिचीही करा. नाहीतर माझीच केलीय ते कळेल."

सासऱ्यांचे डोळे खोल गेले. बसल्या जागी पेंग येऊ लागली. आणि अशाच एका पेंगेत भलत्याच फाइलवर बोट पडून एका लग्नाच्या मध्यात दुसऱ्याच कुणाचा वाढदिवस शिरला. नवरानवरी एकमेकांकडे बघून लाजतात आणि पुढच्याच क्षणी चार वर्षांचा एक मुलगा मेणबत्त्या विझवतो. हा व्हिडिओ दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकत्र बसून पाहिला. नवऱ्याच्या आईने एकच प्रश्न विचारला, "हा कोणाचा?"

दोन्ही घरं तावातावाने दुकानात आली. खऱ्या आईबापांसकट तो मुलगा दाखवला, तेव्हा कुठे लग्न वाचलं.

त्याच दिवशी सासऱ्यांनी जावयाला मागच्या खोलीत नेऊन दार लावलं.

"ते तुमचे कामगार. त्यांना म्हणावं, दमाने घ्या."

"बाबा, वर्षभराची मेहनत आहे ही!"

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "जावईबापू, तुम्ही फार हुशार आहात. थोरल्यांना नसतं जमलं हे."

जावयाला भरून आलं. आता त्यांनी कॉम्प्युटर चुलीत घालायला सांगितला असता तरी त्याने घातला असता. त्याने एवढंच केलं, की व्हिडिओ आतासारखाच झटकन तयार व्हावा, पण पट्टी मात्र आपली चहाच्या वेळेपर्यंत सरकत राहावी. सासरे पुन्हा घोरू लागले.

रविवारी सगळे जेवायला जमले. "सॉफ्टवेअर कसं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय सांगू," सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. "धाकट्यांनी हात लावला आणि पार बसलं ते."

डॉक्टरांनी धाकट्याच्या पाठीवर सहानुभूतीने थोपटलं. घरी जाताना बायको म्हणाली, "जमत नव्हतं तर नाद कशाला करायचा रे?" जावयाने ते गिळलं. फार जड गेलं.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात गेला तेव्हा सासरे गाढ झोपले होते आणि पट्टी सरकत होती. सासूबाई आल्या. पेटीवर हात ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

जावई घाईने पट्टीपुढे येऊन उभा राहिला.

"पहिल्या दिवसापासून गार आहे. काम चाललं की ही तापते, एवढं कळतं मला."

"आई, बाबांना रागावू नका..."

"रागावते कशाला? हे जागे असले की स्वयंपाकघरात येऊन माझे डबे नीट लावत बसतात. म्हणून तर रोज नवं काम शोधत होते मी. आता हे झोपले की मलाही जरा पाठ टेकता येते." त्यांनी पट्टीकडे बघितलं. "फक्त ही चहाच्या वेळेलाच संपते. नंतर संपेल असं करता येईल?"

"येईल की."

"हुशार आहात हो तुम्ही," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पण हे आपल्यातच राहू दे."

जावयाला राहवेना. "आई, निदान तुमच्या मुलीला तरी सांगाल का? तिला वाटतं, मला काही येत नाही."

"सांगते की," सासूबाई म्हणाल्या. "पण मग तुमचा प्रोग्राम चालू असला की तीही पेटीला हात लावून बघेल."

रोज संध्याकाळी भांडी घासायच्या वेळी जावयाचा घरी एक मोठा प्रोग्राम चालू असे.

"नको, राहू दे," तो म्हणाला, आणि पट्टी लांबवायला बसला.