अर्जाने दिलेला पत्ता

तालुका कार्यालयातल्या ऑनलाइन अर्जात हाताने भरलेलं आता ग्राह्य धरत नसत; डोळ्यांनी भरलेलं धरत.

लोक कुठल्या रकान्यावर अडखळतात ते कळावं आणि अर्ज सोपा करता यावा, म्हणून वर्षापूर्वी संगणकावर नजर टिपणारा कॅमेरा बसवला होता. अर्ज सोपा झाला. शिवाय हात आणि डोळे वेगवेगळी उत्तरं देतात, हेही कार्यालयाच्या लक्षात आलं.

सुरंगा पालशेतकर घर स्वतःच्या नावावर करायला आली होती. तिचा नवरा विश्राम आठ वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, तो परतलाच नव्हता. 'पती' या रकान्यात तिने 'मयत'वर बोट ठेवलं. लगेच ओळ उमटली: 'आपण मयत दाबले, परंतु बराच वेळ हयातकडे पाहिले. हयात नोंदवले आहे.'

कारकून खांबेटे यांनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. "कुठं दिसले का ते तुम्हाला?"

"दिसले असते तर ओढत नसते आणले?" सुरंगा म्हणाली. तिला कारकुनाचाही संशय आला आणि कॅमेऱ्याचाही. पदराने डोळे झाकून तिने पुन्हा बोट ठेवलं. अर्जाने विचारलं, 'काय लपवता?'

"पत्त्याचा रकाना उघडलाय," खांबेटे म्हणाले. "लिहू नका. नुसतं बघा."

ती रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. हळूहळू अक्षरं भरत गेली: बंदरामागची तिसरी चाळ, खोली सात, वेरावळ.

"साहेब, मी हे गाव कधी पाहिलेलं नाही."

"पत्ता तुम्हीच दिलात, बाई. अर्ज पदरचं काही घालत नाही." त्यांनी प्रत काढून शिक्का मारला. "पती हयात असले की त्यांचं संमतीपत्र लागतं. सही घेऊन या."

दोन दिवस सुरंगाने आरशात पाहणं टाळलं. आपल्याच डोळ्यांनी इतकी वर्षं आपल्यापासून लपवावं, याचा तिला राग आला होता. तिसऱ्या दिवशी तिने वेरावळची वाट धरली.

खोली सातचं दार विश्रामनेच उघडलं. त्याचे केस पिकले होते.

"सुरंगे," एवढंच तो म्हणाला.

"इथं सही करा."

त्याने कागद भिंतीला टेकवून सही केली. "मी येणारच होतो," तो म्हणाला. "खरंच."

सुरंगाने सहीकडे पाहिलं नाही. ती त्याचे डोळे बघत होती. ते सगळा वेळ आतल्या दाराकडे लागले होते.

"बरं," ती म्हणाली. कागदाची घडी पिशवीत ठेवून तिने परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.