त्या मॅनेजरला आधी काढा!

चांदभाईंचा टीव्ही हा चाळीतला एकुलता एक टीव्ही, त्यामुळे त्या संध्याकाळी अख्खी चाळ त्यांच्या खोलीत कोंबली होती. पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून, भीमराज बसला होता. आज तो टीव्हीत दिसणार होता. शेजारी बायको गिरजाबाई, आणि एकुलत्या एका खुर्चीवर कंपनीचे लेबर ऑफिसर अण्णासाहेब. त्यांना भीमराजनेच आग्रहाने आणलं होतं. माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही, ते असं.

भीमराज पिंपरीच्या मैदानात अनवाणी फुटबॉल खेळायचा तेव्हा कंपनीनं त्याची किक बघून त्याला भट्टीवर नोकरी दिली. पुढे गुडघा कामातून गेला, तेव्हा त्याला टीमचा मॅनेजर केलं. मॅनेजरला जनरल शिफ्ट असे, दिवसाचं बसून काम. ते पद गेलं की परत भट्टीवर, आणि त्या गुडघ्यानं भट्टीसमोर उभं राहणं काही शक्य नव्हतं. म्हणून तो अण्णासाहेबांचा शब्द खाली पडू देत नसे. अण्णासाहेबांचा मेव्हणा जयसिंग गोलकीपर झाला तो असाच. कप मिळाला की तो छातीशी धरून फोटोत मधोमध अण्णासाहेब, आणि हरलं की शिव्या खायला भीमराज, अशी त्या दोघांची वाटणी होती.

यंदा कंपन्यांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये टीम सपाटून हरली. नेमकं तेव्हाच टीव्हीवाल्यांना त्या सामन्यावर बोलायला जुना नावाजलेला खेळाडू हवा होता. हरलेल्या टीमचा मॅनेजर हाच, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

"आले, आले!" पोरं ओरडली. पडद्यावर पावडर लावलेला भीमराज दिसला. खाली नाव, आणि नावापुढे 'फुटबॉल तज्ज्ञ'. गिरजाबाईंनी पदर सावरला.

"गोलात तो कोण उभा केला होता?" टीव्हीतला भीमराज कडाडला. "चेंडू आला की बाजूला होतो! पाहुण्याला वाट द्यावी तशी!"

खालचा भीमराज वरच्या भीमराजकडे आ वासून बघत राहिला.

"अवो, ह्ये काय बोलताय तुमी?" गिरजाबाई कुजबुजल्या.

"मी माझ्या गोलांबद्दल कितीतरी बोललो होतो गं! ते सगळं कापलं की त्यांनी!"

"आन् ह्ये ठेवलं?"

खरं तर रेकॉर्डिंगच्या दिवशी समोरच्या बाईंनी "तुमचं मत काय?" असं विचारलं होतं. एवढ्या वर्षांत भीमराजला हे कोणी विचारलंच नव्हतं. त्याला इतकं भरून आलं, की तो खरं बोलून बसला.

"अण्णासाहेब, बंद करू का? मशीन गरम होतंय," चांदभाई म्हणाले.

"राहू द्या," अण्णासाहेब दातओठ खात म्हणाले.

"माझं ऐका," टीव्हीतल्या भीमराजने टेबलावर मूठ आपटली. "त्या मॅनेजरला आधी काढा! असल्या माणसाला मैदानाच्या फाटकातसुद्धा घेऊ नका!"

अण्णासाहेब चहा न घेता उठून गेले. चाळ हळूहळू पांगली. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"स्वतःच्या हातानं स्वतःला भट्टीवर घातलं तुमी."



सकाळी अण्णासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. भीमराज लंगडत आत गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"साहेब, चूक झाली. पण भट्टी नको."

"मोठ्या साहेबांनी काल कार्यक्रम बघितला," अण्णासाहेब म्हणाले. चेहरा पांढराफटक. "तज्ज्ञ सांगतोय तर मॅनेजरला काढा म्हणाले. तसं काढलं."

"मग मी भट्टीवर..."

"तुला नाही रे! मला काढलं!"

भीमराजचे जोडलेले हात सुटले. "तुम्हाला? का म्हणून?"

"त्यांच्या केबिनमध्ये टीमचा फोटो टांगलाय. कप हातात घेऊन मधोमध मी. ते इतकी वर्षं मलाच मॅनेजर समजतायत."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"कुठल्या तोंडानं सांगू?" अण्णासाहेबांचा आवाज चिरकला. "आजपासून मॅनेजर तू. टीव्हीवरचा तज्ज्ञ आपल्याच भट्टीतला निघाला म्हणून फार खूश आहेत. जयसिंगलाही काढलंय. आणि हो, मोठ्या साहेबांचा भाचा येतोय सोमवारी. सेंटर फॉरवर्ड."

"खेळता येतं त्याला?"

"बूट आहेत."

पुढच्या स्पर्धेत टीम पहिल्याच सामन्यात गारद झाली. टीव्हीवाल्यांनी तज्ज्ञांना पुन्हा बोलावलं. चांदभाईंच्या खोलीत पुन्हा चाळ जमली. या खेपेला भीमराज जरा मागे, दाराशी बसला. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "सेंटर फॉरवर्डला एकदाही चेंडू लागला नाही. तुमच्या मते दोष कोणाचा?"

गिरजाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

टीव्हीतल्या भीमराजने बराच वेळ गुडघा चोळला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "वारा फार होता."