मास्तरांच्या सुईला लागलेलं विष

"विष जिभेला कळत नाही, माझ्या सुईला कळतं," असं राधाकृष्ण मास्तरांनी चौऱ्याहत्तर साली शाळेच्या ओसरीवर अख्ख्या गावाला ऐकवलं. पुसेगावपासून दोन कोसांवरचं ते गाव. तेव्हाची माणसं अजूनही ती सुई आठवून गालात हसतात.

मास्तरांनी मासिकात वाचून, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या सुईचं यंत्र जुळवलं होतं. सिद्धेश्वर धरणावरच्या कोळ्याकडून नर माशाचं पांढरं बीज आणलं. त्यांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनी, ते घरात घेतलं नाही, नवऱ्यासकट शाळेत धाडलं. मास्तरांनी त्यातून चिकट पांढरा धागा काढला आणि बॅटरीच्या सेलमधल्या कोळशाच्या कांडीवर लेपला.

"हा डीएनए. जिवाची सगळी घडण ह्यात. विषानं हा तुटला की वीज वेगळी वाहते, सुई हलते."

कपाशीवर फवारणी चालू होती. औषध पाण्यात उतरेल ही भीती गावाला होतीच. सरोजिनीबाईंनी घरच्या बरणीत गावविहिरीचं पाणी आणून दिलं. कांडी बुडाली आणि सुई टोकाला जाऊन आदळली.

किशनराव पाटलांनी त्याच दुपारी विहीर बंद केली. उरला बौद्धवस्तीचा आड. वस्तीतल्या कमलबाईंनी, म्हणजे बालवाडीच्या बाईंनी, तांब्यात त्याचं पाणी आणलं. सुई जागची हलली नाही. त्या आडाचं पाणी गावानं कधी तोंडाला लावलं नव्हतं. तहान मात्र सगळ्यांनाच लागली होती.

सकाळी आडावर घागरींची रांग लागली. सरोजिनीबाई पदर आवरून कडेला उभ्या राहिल्या.

"या ताई, फुडं या. दोर जुना हाय, पानी बराबर हाय," कमलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई बोलत्या झाल्या. तिसऱ्या दिवशी घागर भरूनही हलेनात. चौथ्या दिवशी चहा घेऊन आल्या.

पाचव्या दिवशी मास्तरांनी विहिरीचं पाणी धुतलेल्या बाटलीत आणून पुन्हा तपासलं. सुई ढिम्म. मास्तरांनी शेजारी उभ्या कमलबाईंकडे पाहिलं.

"त्या दिशीच्या बरनीला कैरीच्या लोनच्याचा वास येऊन राहिला व्हता," कमलबाई शांतपणे म्हणाल्या. "मिठाचं पानी व्हतं ते."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"सांगनार व्हते. तवर घागरी आल्या. कधी न आलेले पाव्हने, मास्तर. आल्या आल्या जा कसं म्हनायचं?"

मास्तरांनी मान खाली घालून पाटलांना चूक सांगितली. विहीर खुली झाली. दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई घागर घेऊन वस्तीच्या वाटेला लागलेल्या पाहून मास्तर ओरडले, "अगं, आपलं पाणी चांगलं आहे!"

"असू दे," त्या वळून म्हणाल्या. "कमलबाईंचं बोलणं काल अर्धंच राहिलंय."