किल्लीवाल्या आजोबांना दोन कंपन्यांची मागणी

त्या दिवशी आभाळ सकाळपासून दाटून बसलं होतं. पडेना की हटेना, आणि झाडाचं पान हलेना. अशा उकाड्यात माणसाने गुमान घरात बसावं. पण किल्लीवाल्या आजोबांच्या मनात आलं, आज मोबाइलची कंपनी बदलून टाकू.

कारण तसं रास्त होतं. लेक परगावी दवाखान्यात दाखल झाली होती. बाळाची बातमी कुठल्याही घटकेला येणार होती. जुन्या कंपनीने भाव वाढवले होते आणि नेट द्यायची चिमूटभर. त्यात बाळाचं कपाळ दिसेपर्यंत व्हिडिओ बंद पडला असता. नवी कंपनी तेवढ्याच पैशात पोतंभर देत होती.

"अहो, आज नको," आजी म्हणाल्या. "आज फोन यायचाय."

"अगं, नंबर तोच राहतो. नुसतं कुलूप बदलायचं, किल्ली तीच."

(जन्म किल्ल्या घासण्यात गेलेल्या माणसाने हे वाक्य बोलण्याआधी जरा थांबायला हवं होतं.)

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे अंगठा देऊन आजोबा नवं सिम घेऊन आले. जुनं बंद पडलं की हे घालायचं, एवढंच काम. स्टुलावर टेकतात तोच फोन वाजला. आजी हातातलं टाकून धावल्या. पण लेक नव्हती, जुन्या कंपनीतल्या बाई होत्या.

"सर, आपण आम्हाला सोडून चाललात?"

हे सर कोण, म्हणून आजोबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ते हळूच उभे राहिले. आयुष्यभर गिऱ्हाइकं आली, किल्ल्या घेऊन गेली. 'जाऊ नका' असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"आमचं काही चुकलं का, सर? दुप्पट डेटा देते, पण राहा."

"बाई, तुमचा आवाज बसलाय. आधी पाणी प्या," आजोबा म्हणाले. "नाही जात मी."

फोन ठेवला तर नव्या कंपनीतले गृहस्थ. "तिप्पट देतो, सर. या तुम्ही."

आजोबांना कुणाला नाही म्हणणं जमत नाही. "येतो," म्हणाले.

पुन्हा बाई. चौपट. आजोबा थक्क होऊन फोनकडे बघतच राहिले.

"बघितलंस? मी काही मागितलं नाही आणि माझा भाव आपोआप चढतोय. ओळख ना पाळख, तरी केवढा जीव टाकतात माझ्यावर."

"मला मागणी घालायला तुमची माणसं एकदाच आली होती," आजी म्हणाल्या. "बरं, बाईंना काय सांगितलंत?"

"राहतो."

"आणि त्यांना?"

"येतो."

"मग आता?"

उत्तर फोननेच दिलं. तो मुका झाला. नवं सिम घालून पाहिलं, तेही मुकंच. आजोबा घाम पुसत मोबाइलवाल्याकडे गेले.

"आजोबा, तुमच्या हो-नाहीमध्ये सगळं अडकलं," तो म्हणाला. "जुन्यांनी तुम्हाला सोडलं आणि नव्यांनी अजून धरलं नाही. उद्या बघू."

"म्हणजे आत्ता मी कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

घरी येऊन त्यांनी हे आजींना सांगितलं. मुका फोन मांडीवर घेऊन आजी दाराकडे तोंड करून बसल्या. तिकडे लेकीचं काय झालं असेल, हे विचारायला सबंध घरात एक आवाज उरला नव्हता. आजोबा स्टुलावरून उठून जमिनीवर बसले. त्यांना स्टूल उगाच उंच वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात शेजारची शिवणकामवाली दारात आली, गळ्यात टेप तशीच लोंबत. जावयाने अडीअडचणीला तिचा नंबर घेऊन ठेवला होता. आजी धडपडत उभ्या राहिल्या.

"नात झाली, आजी. माय-लेकी सुखरूप आहेत," ती म्हणाली आणि आपला फोन आजोबांपुढे धरला. "बाळाचा फोटोपण पाठवलाय, पण मघापासून नुसता गोल गोल फिरतोय. माझा आजचा डेटा संपला. तुमच्याकडे दोन-दोन कंपन्यांचा आहे म्हणे, आजोबा, जरा द्या की."